लॅपटॉपचं कपाळ

माझी दाढी कुठे गेली, असं तुम्ही तिघांनी तीन वेळा विचारलंत आणि तिघांनाही मी वेगवेगळी थाप मारली. एकाला म्हणालो उन्हाळा येतोय. दुसऱ्याला म्हणालो खाज सुटत होती. तिसऱ्याला काय म्हणालो ते मलाच आठवत नाही. तर आता चहा उकळतोय तोवर खरं काय ते सांगून टाकतो. हसायचं ते शेवटी हसा. मध्येच हसलात तर मी चिडतो, आणि मग गोष्ट तिथेच राहते.

सगळ्याची सुरुवात झाली एका शेंगदाण्यानं.

एम.एस.डब्ल्यू. करून मी पुण्यात न थांबता गावी परत आलो. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरपासून जरा आत, पाटाच्या कडेला आमचं गाव. एका संस्थेसाठी घरी बसून सर्व्हेची माहिती भरायची आणि अहवाल लिहायचे, हे माझं पोटाचं काम. रविवारी सकाळी आमच्या ओसरीत गावातल्या वयस्कर मंडळींना मोबाईल शिकवायचा, हे मनाचं काम. दोन्ही कामं कॉलेजातल्या लॅपटॉपवर चालायची. त्याचं एक बिजागर निखळलेलं होतं. पंखा सुरू झाला की शेजारच्या काकू दळणाचा डबा घेऊन बाहेर यायच्या, त्यांना वाटायचं गिरणी चालू झाली.

पण तो बदलायचा नाही, हे माझं तत्त्व होतं. वस्तू दुरुस्त करून वापरावी, कंपन्या दरवर्षी नवं काढतात म्हणून आपण दरवर्षी नाचू नये, या विषयावर मी कॉलेजात पहिलं बक्षीस घेतलंय. ढाल अजून कपाटावर आहे.

त्या दिवसांत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर युद्ध पेटलं होतं. पंचायतीला थोडा निधी आलेला. त्यातून काय करायचं? गावातल्या जाणत्या मंडळींना वेशीवर स्वागत कमान हवी होती. कारण काय, तर शेजारच्या गावाला आहे. मला हवा होता पाटाकडेचा रस्ता. पाटापलीकडच्या वस्तीवरची पोरं शाळेत येतात ती मोठ्या रस्त्याच्या कडेनं. साखर कारखाना सुरू झाला की त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या, वरून ऊस दोन्ही अंगांनी लोंबतोय आणि ड्रायव्हरनं टेपवर गाणी अशी लावलेली की त्याला स्वतःचा हॉर्न ऐकू येत नाही. पोरं बाभळीच्या काट्यांत पाठ टेकवून उभी राहतात. पाटाच्या कडेनं पायवाट आहेच. तिच्यावर मुरूम टाकून, रोलर फिरवून ती नीट केली की पोरांना मोठ्या रस्त्यावर पाऊल ठेवायची गरज नाही. एवढी साधी गोष्ट.

कमानवाल्यांचे पुढारी आमचे रंगनाथ आबा. सत्तरी ओलांडलेला माणूस, माझ्या रविवारच्या वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी. त्यांनी ग्रुपवर टाकलं, "मास्तर, कमान असली की पाव्हण्याला कळतं गाव कुठून सुरू हुतं."

मी शेंगदाणे खात-खात दोन पानी उत्तर लिहिलं. त्यात संविधान होतं, बालहक्क होते, शेवटी एक प्रश्न होता की गाव कमानीनं बनतं का माणसांनी. जीव ओतून लिहिलं. आबांनी त्याला उत्तर म्हणून गुलाबाचं फूल पाठवलं. त्यावर लिहिलेलं, शुभ सकाळ. वेळ होती संध्याकाळची.

मला इतका राग आला की मी लॅपटॉपचं झाकण खाडकन आपटलं. राग कशाचा म्हणाल, तर गुलाब पाठवायला त्यांना मीच शिकवलेलं.

झाकणाखाली, बरोब्बर मध्यावर, एक शेंगदाणा होता.

श्रीरामपूरच्या दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप उघडला, पडद्यावरची कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर बघितली आणि खुर्चीत मागे रेलला. "ह्याचा पडदा आता येत न्हाई. आला तरी बॅटरी संपलीय. बॅटरी टाकली तरी नवीन विंडोज ह्याच्यावर चढत न्हाई."

"मग काय करू?"

"ह्याच्यावर शेंगदाणे खा."

ढाल गेली कपाटाच्या मागे. साठवलेल्या पैशांतून नवा लॅपटॉप घेतला. वहीइतका पातळ. पडद्याला बोट लावलं की चालतो. आणि कडेला वायरी लावायची भोकं जवळजवळ नाहीतच, एकच काय ते चपटं, मोबाईलच्या चार्जरसारखं. मी विचारलं तर दुकानदार म्हणाला, "आता सगळं वायरलेस असतं, सर." मी म्हणालो, वा. हे 'वा' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरी आलो. आईनं खोकं बघितलं आणि थेट देवघराकडे वळली.

"थांब. हात लावू नको. हळदी-कुंकू आनते."

"आई, हा लॅपटॉप आहे."

"बघितलं मी."

"लॅपटॉपची पूजा कोणी करत नाही."

"का? मोटरीची केली, शिलाई मशीनची केली, मिक्सरला दर दसऱ्याला हार घालते. ह्यानं काय पाप केलंय?"

मी तिला वैज्ञानिक दृष्टिकोन समजावून सांगितला. यंत्र विज्ञानानं बनतं, कुंकवानं चालत नाही वगैरे. ती शांतपणे ऐकत निरांजन पुसत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मग पान्याची मोटर काय जादूनं बनवल्ती व्हय? केली ना पूजा. चालती का न्हाई?"

शेवटी तह झाला. नारळ फोडायचा नाही. पाणी शिंपडायचं नाही. उदबत्ती लांब. फक्त एक बोट हळद, एक बोट कुंकू, तेही चौकटीवर, काचेवर नाही. आई म्हणाली बरं.

आता मी पडलो घाईचा माणूस. पूजा होईपर्यंत नुसतं बसून काय करायचं? लॅपटॉप सुरू केला. तो एकेक विचारत होता, मी न वाचता 'पुढे, पुढे, पुढे' दाबत होतो. विचारता-विचारता त्यानं म्हटलं की आता तुमचा चेहरा ओळखून ठेवतो, कॅमेऱ्याकडे बघा. म्हणजे नंतर पासवर्डची कटकट नको, आपण समोर बसलो की आपोआप उघडणार. मला मजा वाटली. मी 'हो' दाबलं, आणि तेवढ्यात मला दिसला तांब्या. पाण्यानं काठोकाठ भरलेला, लॅपटॉपला खेटून. तहात पाणी नाही असं स्पष्ट ठरलेलं असताना.

मी झडप घालून तांब्या उचलला आणि लांब ठेवायला वळलो. मागून आईचा आवाज आला, "अरं, ह्याचं कपाळ कुठं हाय?"

"वर. मधोमध."

"हितं? हितं बारीक टिकलीसारखं काय तरी हाय."

"त्याच्यावर नको लावूस. शेजारी लाव."

"दिसू तर दे," म्हणत तिनं चष्मा सारखा केला.

मी तांब्या कोनाड्यात ठेवून परत आलो. चौकटीवर हळदी-कुंकवाची दोन बोटं उमटलेली आणि पडद्यावर हिरवी खूण. चेहरा नोंदवला गेला आहे.

एवढ्यात? मी तर पुरतं बघितलंही नव्हतं. मनात म्हटलं, काय तंत्रज्ञान आहे. नुसता कान दिसला तरी माणूस ओळखतं.

मग त्यानं एक पिन मागितला, कधी चेहरा ओळखता नाही आला तर म्हणून. दर रविवारी मी ओरडून सांगतो की जन्मतारीख ठेवू नका, एक-दोन-तीन-चार ठेवू नका, कुठे लिहून ठेवू नका. मी सगळे नियम पाळले. असा पिन ठेवला की जगात कोणाला सापडला नसता. दुसऱ्या दिवशी तो मलाही सापडला नाही. पण फिकीर कोणाला? आपला चेहरा आहे ना.

आणि खरंच, लॅपटॉप सुरेख उघडायचा. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसायचो, आई भाकरी थापता-थापता मान वळवून विचारायची, "उघडला का रं?" आणि तो उघडायचा.

माझ्या खोलीत मात्र नाटकं करायचा. पिन टाका म्हणायचा. मी विचार केला, माणसानं विचार करावा. खोलीत ट्यूबलाइट आहे, स्वयंपाकघरात पिवळसर बल्ब. म्हणजे प्रश्न प्रकाशाचा. पांढऱ्या प्रकाशात माझ्या चेहऱ्याच्या रेषा पुसट होत असणार. मी मुक्काम स्वयंपाकघरात हलवला. अहवाल तिथेच लिहायला लागलो. आमच्या संस्थेच्या मॅडमनी विचारलं, तुमच्या मीटिंगमध्ये मागे फोडणीचा आवाज कसला येतो?

संक्रांतीनंतर आईचे हळदी-कुंकवाचे दौरे सुरू झाले. रथसप्तमीपर्यंत रोज कोणाकडे तरी. एका दुपारी ती बाहेर गेलेली, मी उंबऱ्यावर बसलो, बल्ब लावला, लॅपटॉप काही उघडेना. बल्ब तोच. पाट तोच. मी तोच. मग बदललं काय?

हनुवटीवर हात गेला आणि लख्ख उत्तर मिळालं. दाढी वाढली होती.

ही दाढी साधी नव्हती हो. दोन वर्षं सांभाळलेली. आई तिला झुडूप म्हणायची, पण माझ्यासाठी ती एक भूमिका होती. तरी संध्याकाळपर्यंत अहवाल पाठवायचा होता. मी आरसा घेतला, वस्तरा घेतला आणि भूमिका सोडली.

गुळगुळीत तोंडानं लॅपटॉपपुढे बसलो. उघडला नाही. तेवढ्यात दार वाजलं, आई आली, माझ्या मागे थबकली आणि माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "अगं बाई, हा कोन?"

टक. लॅपटॉप उघडला.

"बघितलंस?" मी म्हणालो. "दाढीच नडत होती."

"मी दोन वर्सं सांगत हुते तर ऐकलं न्हाई," आई वाणाची डबी फडताळात ठेवत म्हणाली. "त्या डब्यानं सांगितलं तर लगीच."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मित्रांनो, पडला असता. पण मी पुरावा गोळा केला होता, आणि पुरावा असलेल्या माणसाला शहाणं करणं अवघड असतं.

आली सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, दुपारी शाळेच्या मोठ्या वर्गात ग्रामसभा. कमान की रस्ता, तिथे ठरायचं होतं. मी पंधरवडाभर पोरांबरोबर रस्त्यानं चालून फोटो काढले होते, नकाशा केला होता. फोटोंनी मोबाईल भरला म्हणून सगळे लॅपटॉपवर टाकले आणि मोबाईलमधले पुसले. पडद्यावर मोठं दिसावं म्हणून सॅम्युअल काकांनी चर्चच्या हॉलमधला प्रोजेक्टर आणला होता. काका आयुष्यभर हायस्कूलला विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, "नाताळात दरवर्षी हा चालतो. आजवर अडकला नाही."

मी खिडक्यांना काळा कागद लावला. अंधार छान झाला. सकाळी घरी उघडून बघितलेला लॅपटॉप ऐटीत पिशवीतून काढला, टेबलावर ठेवला, झाकण वर केलं.

तुम्हाला ओळखता येत नाही, तो म्हणाला. पिन टाका.

मी चष्मा काढला. मग घातला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"हसून बघ," सरपंच तात्या म्हणाले. "फोटोत हसावं लागतं."

हसलो. नाही.

"गंभीर हो." झालो. नाही.

एक पिन टाकून बघितला. चूक. दुसरा. चूक. तिसरा, चौथा. मग तो म्हणाला आता पुरे, बंद करून परत सुरू करा. 'पिन विसरलात का' असं एक बारीक लिहिलेलं असतं, ते दाबलं. त्यानं खात्याचा पासवर्ड मागितला. तो मी अत्यंत सुरक्षित जागी ठेवला होता. लॅपटॉपमध्ये.

मागे खाकरणं सुरू झालं. एकेकजण बाहेर तंबाखू मळायला निघाला. तशीही माणसं थोडीच होती, आणि सभेला ठरावीक माणसं भरली नाहीत तर ती तहकूब करावी लागते. तात्यांनी घड्याळ बघितलं.

"अमोलराव, आता तहकूब करतो. पुढच्या सभेला मानसं कमी असली तरी चालतंय. चौघं बसून कमान मंजूर करून टाकू. काय आबा?"

"व्हय की," आबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून जरा मायेनं म्हणाले, "मास्तर, घरी उघडतो का हा?"

"घरी कायम उघडतो."

"घरी कुठं?"

"स्वयंपाकघरात," मी म्हणालो, आणि माझे डोळे चमकले. अंधार तर मीच केला होता. आम्ही कागद फाडले, खिडक्या उघडल्या. तरी नाही. म्हणजे नुसता उजेड नको होता. तो उजेड हवा होता. मी बाहेर ओट्यावर जाऊन आईला फोन लावला.

"आई, स्वयंपाकघरातला बल्ब काढून शाळेत घेऊन ये."

"बल्ब?"

"हो."

"कोनता? जळतोय तो?"

"तोच. बटण बंद कर आणि पदरानं धरून काढ. लवकर."

"अरं, घरात बाया बसल्यात हळदी-कुंकवाला. त्यान्ला काय सांगू?"

"काहीही सांग. गावाचा प्रश्न आहे."

तिनं बायकांना नेमकं हेच सांगितलं. गावाचा प्रश्न हाय, बल्ब मागितलाय. आता सांगा, असं ऐकल्यावर कोणती बाई वाण घेऊन गपचूप घरी जाईल? मी ओट्यावरून बघतोय तर समोरून आई येतेय, पदरात गुंडाळलेला बल्ब दोन्ही हातांनी धरलेला. तिच्यामागे आमची अख्खी गल्ली, वाटेत भेटलेली दुसरी गल्ली, आणि पाटापलीकडच्या वस्तीवरच्या त्या सगळ्या, ज्यांना आईनं मुद्दाम बोलावलेलं. कपाळावर ताजं कुंकू, हातात प्लॅस्टिकच्या डब्या. वर्ग भरला. बाहेर तंबाखू मळणारे, आत काय झालं म्हणून परत आले. तात्यांनी तहकुबीसाठी वर केलेला हात हळूच खाली घेतला.

"हं, घे," आई म्हणाली. "कुठं लावायचा?" आणि लॅपटॉपवर वाकून, रोजच्यासारखं, "उघडला न्हाई व्हय अजून?"

टक.

बल्ब अजून आईच्या पदरात होता.

"मास्तर," आबा म्हणाले, "बल्ब लावायच्या आदीच?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "जवळ आला ना."

सॅम्युअल काकांनी प्रोजेक्टर बाजूला ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मला ते नववीतले विज्ञानाचे सर दिसले, ज्यांनी मला एकदा प्रयोगवही फेकून मारली होती.

"लॅपटॉप बंद कर," ते म्हणाले. "आता बल्ब इथे ठेवा. वहिनी, तुम्ही बाजूला व्हा. उघड."

उघडला नाही.

"आता बल्ब तिकडे न्या. वहिनी, तुम्ही या. बघा त्याच्याकडे."

टक.

"परत करायचा प्रयोग?" काकांनी विचारलं. "निष्कर्ष लिहून घेतोस?"

मी नको म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढे तांब्या होता. तांब्या, हळदी-कुंकू, आणि चष्मा सारखा करून टिकलीकडे रोखून बघणारी आई.

"म्हंजी हे मला वळखतंय?" आईनं विचारलं.

"हो."

"तुला न्हाई?"

"नाही."

आणि मग तिनं अख्ख्या ग्रामसभेपुढे, काही वाईट हेतू नसताना, विचारलं, "मग दाढी कशाला काढलीस रं?"

त्यानंतर सभेला थोडा वेळ कामकाज करता आलं नाही. तात्या फळ्याला टेकून उभे होते. ग्रामसेवकांनी तोंडात रुमाल कोंबला होता. मी म्हणालो, झालं असेल तर आपण फोटो बघूया, आणि प्रोजेक्टरची वायर उचलली.

आठवलं ना ते 'वा'?

वायरीचं तोंड हे एवढं रुंद, आणि लॅपटॉपला एकच चपटं भोक. काकांनी वायर बघितली, लॅपटॉप बघितला, माझ्याकडे बघितलं नाही. सगळं वायरलेस असतं म्हणाला होता तो. मी तो पातळ डबा आणि जाड वायर हातात धरून उभा होतो. आता मात्र खरंच रडू यायचं बाकी होतं. समोर कधी नव्हे ती सभा भरलीय, आणि दाखवायला काही नाही.

"एवढंच ना," आई म्हणाली. "फोटू हातानं दाखवू."

तिनं बल्ब सॅम्युअल काकांच्या हातात दिला, लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला आणि पहिल्या रांगेपासून निघाली. बॅटरी वाचवायला तो मिनिटभरात झोपायचा. झोपला की ती त्याच्याकडे बघायची, तो उठायचा. मी मागून चार्जर घेऊन चालत होतो. चालता-चालता चार्जर लावणार कुठे, पण हातात काहीतरी हवं होतं.

रांगेत पहिले रंगनाथ आबा. आता बघा, एखादी बाई दोन हातांवर काही उजळलेलं घेऊन समोर आली तर आपल्याकडची माणसं काय करतात? आबांनी टोपी सारखी केली, उजवा हात पडद्यावरून फिरवला आणि डोळ्यांना लावला.

बोट लागल्यावर चालणारा पडदा तो. फोटो पुढे सरकला.

पहिल्या फोटोत नुसता रस्ता होता. आबांच्या हातानं आला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. शेजारच्यानंही आपोआप तसंच केलं. पुढचा फोटो, काट्यांत उभी पोरं. तिसऱ्यानं आरती घेतली, पोरं जवळून दिसली. अशी सगळी सभा एकेका फोटोची आरती घेत गेली. कोणाला हसू आलं नाही. मीच मनात म्हणत होतो, पंधरवडा घालवून मी जी क्रमवारी लावली ती जशीच्या तशी चाललीय, एक शब्द न बोलता.

बायकांच्या रांगेत वस्तीवरची सुनीतावहिनी बसली होती. तिनं हात फिरवला आणि हात तिथेच राहिला.

"ही लाल दप्तरवाली माझी हाय," ती म्हणाली. "ऋतुजा."

फोटोत ऋतुजा बाभळीला चिकटून, डोळे गच्च मिटून उभी होती. ट्रॉलीतला ऊस तिच्या वेणीच्या वीतभर पुढून चाललेला.

सुनीतावहिनीनं लॅपटॉप शेजारणीकडे सरकवू दिला नाही. बराच वेळ बघत बसली. पडदा विझला. आईनं बघून परत उजळला.

माझं भाषण खिशात होतं. संविधान, बालहक्क, सगळं. मी काढलं नाही. तात्यांनी घसा साफ करून विचारलं, रस्ता कोणाकोणाला पाहिजे. बायकांचे हात एकदम वर गेले, वाणाच्या डब्यांसकट. मग पुरुषांचे, जरा इकडेतिकडे बघत. शेवटी आबांचा.

"कमान काय पळून जात न्हाई," ते म्हणाले. "आन पाव्हन्यांना गाव कुठून सुरू हुतं ते ह्या मास्तरच्या तोंडावरनं कळंल. आता झुडूप बी न्हाई आडवं."

ठराव झाला. गेल्या आठवड्यात मुरूम पडला, रोलर फिरला. ऋतुजा आणि मंडळी आता पाटाच्या कडेनं येतात, बेडकांना दगड मारत, मोठ्या रस्त्याला पाठ करून. शाळेत पोचायला उशीर होतो, तेवढी एक तक्रार आहे गुरुजींची.

आता तुम्ही विचाराल, चेहरा बदलून घेतलास की नाही. अरे, पाच मिनिटांचं काम आहे. आई आत आहे तेवढ्यात सेटिंगमध्ये जायचं, आपला चेहरा टाकायचा. दोनदा बसलोही. पण दोन्ही वेळा ती हात पुसत आली, "थांब, उघडून देते," म्हणाली, आणि उघडल्यावर अशी काही समाधानानं परत चुलीकडे गेली की माझ्यानं होईना. पिन मात्र नवीन ठेवलाय. यावेळी लिहूनही ठेवलाय. कुठे, ते आठवत नाही.

तर परवाच्या रविवारी ओसरीत वर्ग भरला होता. नेहमीपेक्षा जास्त माणसं, सगळी माझ्या गुळगुळीत गालांकडे बघत होती. मी ठरवलं, खंबीर राहायचं. उभा राहिलो, आवाज चढवला आणि म्हणालो, "आजचा धडा एकच. पासवर्ड ही आपली खाजगी गोष्ट आहे. तो घरात लपवून ठेवायचा. कधीही, कोणाच्याही समोर आणायचा नाही."

कोणी लिहून घेईना. सगळे माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. आबांनी तर चक्क हात जोडले आणि सरकून जागा केली.

मी वळून बघितलं. पासवर्ड चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता.